तारीख बरोबर, वेळ चुकली: शून्य सावलीच्या एका लेखमोहिमेचे प्रकरण

विज्ञानलेखकांच्या स्थानिक गटांचे वर्ष महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीभोवती फिरते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि लगेच दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामाचा शोध १९२८ सालचा, त्याच्या स्मरणार्थ हा दिवस १९८७ पासून पाळला जातो. भाषा आणि विज्ञान यांचे दोन दिवस असे लागून आल्यामुळे व्याख्याने, निबंध स्पर्धा, पुस्तक प्रदर्शने यांची तिथे दाटी होते. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या की सगळे थंडावते आणि गट पुन्हा जागा होतो तो थेट पावसाळ्यात. या मधल्या रिकाम्या काळात एक विषय मात्र आपणहून दाराशी येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला तो लागू आहे, त्याला खर्च जवळपास नाही आणि वाचक तो स्वतःच्या अंगणात पडताळू शकतो. तो विषय म्हणजे मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस.

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या अशाच एका गटाचे आहे, असे समजावे. गट नमुन्याचा आहे. अशा मोहिमांत जे पुन्हापुन्हा घडते ते एका धाग्यात यावे म्हणून तो कल्पिला आहे. गावांचे अक्षांश-रेखांश, वेळा आणि सावल्यांच्या लांब्या मात्र खऱ्या आहेत. त्या कोणीही मोजून पाहाव्यात.

गटात वीस-बावीस जण: विज्ञानशिक्षक, निवृत्त अभियंते, दोन-तीन पत्रकार, काही पदव्युत्तर विद्यार्थी. महिन्याची बैठक सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात. मोहिमेचा आराखडा साधा होता. शून्य सावलीवर साडेतीनशे शब्दांचा एक लेख तयार करायचा आणि तो जिल्ह्यातल्या तालुका साप्ताहिकांना, दैनिकांच्या स्थानिक पानांना आणि उन्हाळी शिबिरे घेणाऱ्या संस्थांना पाठवायचा. मे महिन्यात शाळा बंद असतात, म्हणून मुलांपर्यंत जायला शिबिरे आणि गृहसंकुले हाच रस्ता. हे गटाने नीट ओळखले होते. शिक्षकांकडे निरोप एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गेला नाही तर नंतर ते सापडत नाहीत, हेही.

आधी विषय

विषुववृत्तापासून सूर्याचे उत्तर-दक्षिण कोनीय अंतर म्हणजे त्याची क्रांती. ती वर्षभरात दक्षिणेला साधारण २३.४ अंशांपासून उत्तरेला तितक्याच अंशांपर्यंत बदलते. ज्या दिवशी सूर्याची क्रांती एखाद्या गावाच्या अक्षांशाइतकी होते, त्या दिवशी स्थानिक मध्यान्हाला, म्हणजे सूर्य आकाशात सर्वात उंच असतो त्या क्षणी, तो त्या गावाच्या बरोबर खमध्यावर, थेट डोक्यावर असतो. उभ्या काठीची सावली तेव्हा काठीच्या बुडाशीच राहते.

महाराष्ट्र साधारण पावणेसोळा ते बावीस उत्तर अक्षांशांदरम्यान आहे. त्यामुळे हा प्रसंग मेच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला सुरू होतो आणि महिनाअखेरीस नंदुरबारच्या उत्तरेला पोचतो. कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. मेच्या मध्याला क्रांती दिवसाला सुमारे पाव अंशाने वाढते, म्हणजे शून्य सावलीची रेषा रोज २६-२७ किलोमीटर उत्तरेला सरकते. महिन्याच्या शेवटी हा वेग सुमारे १६ किलोमीटरपर्यंत उतरतो, कारण सूर्य कर्कवृत्ताजवळ येताना त्याची उत्तरेकडची चाल मंदावते.

एकट्या पुणे जिल्ह्यातही हे चालणे दिसते. इंदापूर आणि बारामतीला १२ मेच्या आसपास, पुणे शहरात १३-१४, लोणावळ्यात १४-१५, जुन्नरला १६-१७. लेखासाठी हे सोनेच आहे. एकाच जिल्ह्यात सूर्य चार-पाच दिवस गावोगाव फिरतो आणि प्रत्येक तालुक्याला स्वतःचा दिवस मिळतो.

पहिल्या फेरीत काय झाले

मसुदा एका अनुभवी सदस्याने लिहिला. भाषा चांगली होती. त्यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्ही बैठकांचा बहुतेक वेळ तारखेवर गेला. पुण्याची तारीख १३ की १४? एका ॲपवर एक, दुसऱ्या तक्त्यात दुसरी. कोणी गेल्या वर्षीचे कात्रण आणले, त्यात तिसरीच. चर्चा गंभीर होती आणि तिच्यातून निघालेला निर्णय योग्य होता: दोन्ही तारखा द्याव्यात.

तारखांच्या या घोळाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वीचे वर्ष ३६५ दिवसांहून सुमारे सहा तासांनी मोठे आहे. म्हणून सूर्य ठरावीक क्रांतीला दरवर्षी सुमारे सहा तास उशिरा येतो आणि लीप वर्षात एकदम अठरा तास मागे ओढला जातो. पुण्याच्या अक्षांशाइतकी क्रांती कधी १३ तारखेच्या मध्यान्हाजवळ येते, कधी १४ च्या, कधी दोन्हींच्या मध्ये. त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता यंदा जसाच्या तसा छापू नये. पण तारीख एका दिवसाने चुकली तरी वाचकाला फारसे काही दिसत नाही, याकडे बैठकीत कोणाचे लक्ष गेले नाही.

मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते: ‘या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास मोकळ्या जागी एक काठी उभी करा.’ दोन बैठकांत हे वाक्य वीस जणांच्या डोळ्यांखालून गेले आणि जसेच्या तसे छापले गेले.

पुढचे सांगायला नकोच. वाचक बाराला बाहेर आले, सावली स्पष्ट दिसली, पाच मिनिटे वाट पाहून ते उन्हातून घरात गेले. एका शिबिरात पन्नासेक मुले काठीभोवती उभी होती. शिक्षकांनी सावली मोजली, ती काठीच्या आठव्या हिश्शाइतकी भरली. साप्ताहिकाच्या संपादकांकडे तक्रारी आल्या, त्यांनी त्या गटाकडे पाठवल्या आणि पुढच्या लेखाबद्दल त्यांचा हात आखडता झाला. स्थानिक विज्ञानलेखनात ही किंमत सर्वात मोठी असते. छापलेला प्रयोग वाचकाच्या अंगणात फसला की त्या वाचकाचा पुढच्या दहा लेखांवरचा विश्वास जातो.

चूक किती मोठी होती

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पुणे ७३.८६ अंशांवर आहे, म्हणजे ८.६४ अंश पश्चिमेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा फरक ३४.६ मिनिटांचा. मेच्या मध्याला सूर्य सरासरी घड्याळाच्या सुमारे पावणेचार मिनिटे पुढे असतो. तेवढी वजा केली की पुण्याचा मध्यान्ह १२ वाजून ३१ मिनिटांनी येतो. मुंबईचा १२ वाजून ३५ मिनिटांनी, नागपूरचा १२ वाजून १० ते ११ मिनिटांनी. महाराष्ट्रात हा मध्यान्ह घड्याळाच्या बाराला मे महिन्यात कुठेच होत नाही. गडचिरोलीलाही तो १२ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास होतो.

आता हेच सावलीच्या भाषेत. सूर्य खमध्याजवळ असताना मिनिटाला जवळपास पाव अंश सरकतो. एक मीटर उंच काठीसाठी पाव अंश म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर सावली. पुण्यात बाराला काठी लावली तर ३१ मिनिटांत सूर्य ७.३ अंश दूर असतो आणि सावली सुमारे १३ सेंटिमीटर पडते. मुंबईत तीच १४-१५ सेंटिमीटर.

तारखेची चूक याच मापाने पाहू. एक दिवस चुकला की सूर्य पाव अंश दूर, सावली पुन्हा ४ मिलिमीटर. म्हणजे एका दिवसाची चूक आणि एका मिनिटाची चूक वाचकाच्या दृष्टीने सारख्याच. जुन्नरच्या वाचकाने पुण्याची १३ तारीख वापरली तरी त्याला मीटरभर काठीची जेमतेम दीड सेंटिमीटर सावली दिसेल. फूटभर काठी असेल तर ४ मिलिमीटर. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाची असल्यामुळे सावलीची कडाही तशीच पुसट असते, मीटरभर काठीच्या टोकाची कडा ९ मिलिमीटरभर पसरलेली. त्या पुसटपणात एका दिवसाचा फरक बुडून जातो. गटाने दोन बैठका ज्या आकड्यावर घालवल्या तो वाचकाला जवळपास दिसतच नव्हता. ज्या आकड्याने सगळा प्रयोग पाडला, त्यावर एकही मिनिट गेले नव्हते.

हे का होते? मसुदा तपासताना जाणकार माणूस स्वतःला ठाऊक असलेली अवघड जागा शोधतो. तारखेचे गणित त्याला अवघड वाटते, म्हणून तो तिथे थांबतो. ‘दुपारी बारा’ हे शब्द इतके ओळखीचे आहेत की डोळा त्यांच्यावरून घसरतो. शिवाय मसुदा वाचला जातो तो बसून, पंख्याखाली. कागद हातात घेऊन त्यातल्या सूचनांप्रमाणे काठी उभी करायला कोणी जात नाही. कृती सांगणारा लेख कृती करूनच तपासावा लागतो, आणि या गटाची खरी उणीव ती होती.

छापखान्यात आणखी काय बिघडले

वेळेची चूक मोठी होती, पण एकटी नव्हती. दोन साप्ताहिकांनी लेख जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये बदलून घेतला. युनिकोडमधून असा बदल करताना मराठी मजकुरात ठरावीक जागी मोडतोड होते. अंशाचे छोटे वर्तुळ गळून पडते किंवा त्याचा शून्य होतो, मग १८° चे १८० होतात. वेळेतला अपूर्णविराम कधी विसर्ग बनतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला अर्धा र तुटतो. म्हणून मुद्रणासाठी पाठवायच्या मजकुरात अंशाचे चिन्ह वापरूच नये, ‘अंश’ असा शब्द लिहावा. वेळ ‘१२ वाजून ३१ मिनिटांनी’ अशी अक्षरांत द्यावी. तक्ता चित्र म्हणून जोडला तर पानात तो हमखास वगळला जातो किंवा इतका लहान होतो की वाचता येत नाही. गावांच्या वेळा मजकुराच्या ओळींतच हव्यात.

दुसरे, जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतात. गटाच्या लेखात डोळ्यांची काळजी आणि उन्हाची सूचना शेवटच्या परिच्छेदात होती. एका ठिकाणी नेमका तोच गेला. मेच्या भर दुपारी मुलांना बाहेर बोलावणाऱ्या लेखात ही सूचना दुसऱ्या परिच्छेदाच्या पलीकडे जाता कामा नये. सूर्याकडे पाहायचे नाही, फक्त जमिनीकडे. मध्यान्हाच्या आधी दहा मिनिटे बाहेर यायचे, नंतर पाच मिनिटांनी आत जायचे. डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी.

तिसरे, मथळा. ‘आज सावली साथ सोडणार’ असा मथळा एका दैनिकाने दिला. तो आकर्षक आहे, पण ‘आज’ छापून आले तरी अनेक घरांत वर्तमानपत्र दुपारनंतरच उघडले जाते. लेख आदल्या दिवशी छापला जावा अशी विनंती पाठवणीच्या पत्रात पहिल्याच ओळीत करावी आणि सोबत तीन तयार मथळे द्यावेत, तिन्हीत ‘उद्या’ आणि वेळ असावी. संपादकाला मथळा बदलण्याचा हक्क आहेच, पण हाताशी चांगले मथळे असले की बहुधा त्यांतलाच एक लागतो.

दुसरी फेरी: एप्रिलमधला लेखनदिवस

दुसऱ्या वर्षी गटाने बैठकांऐवजी एक पूर्ण दिवस ठेवला, २० एप्रिलच्या आसपासच्या रविवारी. त्या दिवशी पुण्यात सूर्याची क्रांती साडेअकरा अंश असते, म्हणजे मध्यान्हाला सूर्य खमध्याच्या ७ अंश दक्षिणेला. सावली शून्य होणार नाही. पण मीटरभर काठीची सर्वात लहान सावली १२ सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त आणि बरोबर उत्तरेला पडायला हवी, आणि ती १२ वाजून ३३-३४ मिनिटांनी. त्याच दिवशी बाराला मोजली तर ती १९ सेंटिमीटर आणि वायव्येकडे कललेली दिसते. म्हणजे लेखाची वेळ बरोबर आहे की नाही, हे शून्य सावलीच्या तीन आठवडे आधीच, गच्चीवर, अर्ध्या तासात कळते. या मोहिमेतला सर्वात उपयोगी शोध हाच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिवसाची आखणी अशी होती. सकाळी साडेनऊला चार-चार जणांची पाच टेबले. प्रत्येक टेबलाला एक तालुका आणि एक माध्यम: साप्ताहिकाचा लेख, दैनिकाची दीडशे शब्दांची चौकट, आकाशवाणीसाठी तीन मिनिटांची संहिता, शिबिरासाठी कृतीपत्रक, गृहसंकुलांच्या सूचनाफलकासाठी एक पान. पहिला तास गणिताला. प्रत्येक टेबलाने आपल्या गावाची वेळ हाताने काढायची. बारामतीचे उदाहरण: रेखांश ७४.५८, प्रमाण रेखांशापासून अंतर ७.९२ अंश, चारने गुणून ३१.७ मिनिटे, त्यातून ३.७ वजा, उत्तर १२ वाजून २८ मिनिटे. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या लोकसंपर्क समितीने गावानुसार शून्य सावलीची तारीख आणि वेळ शोधण्याची सोय केलेली आहे. आपले उत्तर तिच्याशी जुळवायचे. एका मिनिटापेक्षा जास्त फरक आला तर बहुधा रेखांश जिल्ह्याच्या ठिकाणाचा घेतलेला असतो किंवा अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली असते. आकडा नुसता उतरवून घेतलेल्या लेखकाला चूक दिसत नाही. एकदा हाताने काढला की ‘बाराच्या सुमारास’ हे शब्द पेनातून उतरतच नाहीत.

साडेदहा ते बारा लेखन. बारा वाजता सगळे मसुदे नावे न घालता एकत्र आणि प्रत्येक मसुदा दुसऱ्या टेबलाकडे. नावाशिवाय तपासणीची मराठी विज्ञानलेखनाला जुनी ओळख आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली होती, ती नावाच्या वजनावर निवडली जाऊ नये म्हणून. स्थानिक गटात हे आणखी गरजेचे आहे, कारण तिथे ज्येष्ठांचा मसुदा कोणी खोडत नाही. पहिल्या फेरीत ‘दुपारी बारा’ टिकून राहण्यामागे हाही भाग होता.

सव्वाबारा ते पाऊण ही अर्ध्या तासाची वेळ गच्चीवरच्या कृती-वाचनाची. ज्याने मसुदा लिहिला नाही त्याने तो हातात धरायचा आणि फक्त त्यात लिहिलेले करायचे. लेखक शेजारी उभा राहतो, पण बोलत नाही. मसुद्यात ‘काठी सरळ उभी करा’ असे असेल आणि सरळ कशी ते नसेल, तर तपासणारा ती डोळ्यांनी सरळ करतो आणि सावली दोन-तीन सेंटिमीटरने चुकते. लेखकाला ते डोळ्यांसमोर दिसते. जेवणानंतर दीड तास पुनर्लेखन, चारला अंतिम वाचन. पाचपर्यंत पाठवणीची यादी पुरी.

साहित्य आणि त्यातले खड्डे

गच्चीवर पहिल्या तासात जे कळले ते बहुतेक काठीच्या उभेपणाबद्दल होते. मीटरभर काठी एक अंश कलली की सावलीत १.७ सेंटिमीटरची भर पडते, चार दिवसांच्या चुकीइतकी. म्हणून ओळंबा हवाच. दोरा आणि त्याला बांधलेला वजनदार नट पुरतो, पण दोरा काठीच्या दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात धरून पाहावा लागतो. एकाच बाजूने पाहिले तर काठी दुसरीकडे कललेली राहते.

काठीपेक्षा सरळ कापलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा मुलांना जास्त आवडतो. तो जमिनीवर उभा ठेवला की शून्य सावलीच्या क्षणी बाहेर सावली उरत नाही आणि आत तळापर्यंत प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ पडते. पण पाइप जिथे ठेवायचा ती जागा सपाट लागते, आणि गच्ची सपाट नसते. पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला साधारण शंभराला एक उतार ठेवलेला असतो. तो अर्ध्या अंशाहून जास्त भरतो, म्हणजे दोन दिवसांच्या चुकीपेक्षा मोठा. पाइप नेहमी फळीवर ठेवावा, फळीखाली पाचर घालावी आणि पाणसळ दोन दिशांनी लावून पाहावी. घरात पाणसळ नसेल तर ताटात पाणी भरून फळीवर ठेवले की उतार कुठे आहे ते कळते. कडा हाताने करवतीने कापलेल्या तुकड्यावर भरवसा ठेवू नये. दुकानातून यंत्रावर कापून घ्यावा.

कृतीपत्रकात या सगळ्याला सहा ओळी लागल्या. लेखात जागा नसल्याने तिथे एकच वाक्य गेले: ‘काठीशेजारी दोरीला वजन बांधून धरा, काठी दोरीला समांतर असेल तरच ती उभी आहे.’ पुरेसे आहे.

मसुद्यांत वारंवार येणारी विधाने तपासणाऱ्यांसाठी आधीच लिहून ठेवली होती. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो, हे चूक. पुण्यात तो वर्षातून दोनदाच खमध्यावर असतो. संपूर्ण भारतात शून्य सावली दिसते, हेही चूक. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, उदाहरणार्थ दिल्लीत, ती कधीच नसते. या काळात सूर्य जवळ येतो म्हणून ऊन तापते, हे तर उलटेच आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वात दूर असते ती जुलैच्या सुरुवातीला, आणि मेमध्ये ती दूरच जात असते. ‘सावली नाहीशी होते’ याऐवजी ‘सावली वस्तूच्या बुडाखाली जाते’ असे लिहावे, कारण छत्री धरलेल्या माणसाला सावली दिसणारच आणि तो लेखकाला विचारणारच.

वाचकांची मोजमापे

दुसऱ्या फेरीत लेखाच्या शेवटी वाचकांकडून चार गोष्टी मागवल्या: गाव, तारीख, काठीची उंची, आणि स्थानिक मध्यान्हाला सावलीची लांबी दिशेसह. दिशा मागणे महत्त्वाचे होते. पुण्यात सावली शून्य असते त्या दिवशी नागपूरला सूर्य अजून दक्षिणेला असतो, तिथे मीटरभर काठीची सावली उत्तरेला साडेचार ते पाच सेंटिमीटर पडते. कोल्हापूरहून सूर्य आठवडाभर आधीच उत्तरेला गेलेला असतो, तिथे सावली दक्षिणेला, सुमारे तीन सेंटिमीटर. एकाच दिवशी राज्याच्या दोन टोकांना सावल्या विरुद्ध दिशांना पडतात. हे वाचकांच्याच मापांतून समोर आले तर त्याहून चांगला लेख होणे कठीण, आणि गटाने पुढचा लेख त्यावरच लिहायचे ठरवले.

या मापांतून पृथ्वीचा परीघही काढता येतो, एराटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात काढला तसा. कोल्हापूर आणि नागपूर यांच्या अक्षांशांत सुमारे ४.४५ अंशांचा फरक आहे आणि त्यांचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४९४ किलोमीटर. ३६० ला ४.४५ ने भागून ४९४ ने गुणले की ४०,००० किलोमीटरच्या जवळ उत्तर येते. इथे दोन सापळे आहेत. अंतर रस्त्याचे घेऊन चालत नाही, आणि नागपूर कोल्हापूरच्या बऱ्याच पूर्वेला असल्यामुळे दोन गावांतले सरळ अंतरही चालत नाही. फक्त उत्तर-दक्षिण अंतर घ्यायचे. दुसरा, प्रत्येकाने माप आपापल्या मध्यान्हाला घ्यायचे, एकाच घड्याळी वेळेला नाही. सावलीत एका मिलिमीटरची चूक परीघात पाचशे किलोमीटरच्या आसपास फरक पाडते. सावलीची कडा पुसट असल्याने दोन्हीकडे तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. म्हणून लेखात एकच उत्तर छापू नये, आलेली सगळी उत्तरे छापावीत. वाचकांच्या मापांचा विस्तार पाहून ‘मोजणे’ म्हणजे काय ते जितके कळते तितके एका नेमक्या आकड्याने कळत नाही.

आलेल्या नोंदी साठवण्याचे काम एका सदस्याकडे दिले. एकच तक्ता, देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ नाही, काठीची उंची सेंटिमीटरमध्ये, आणि संशयास्पद माप खोडायचे नाही, शेजारच्या रकान्यात शेरा लिहायचा. दहा सेंटिमीटरहून मोठी सावली आली की बहुधा वेळ बाराची घेतलेली असते. अशा वाचकाला उत्तर पाठवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला सांगता येते, कारण शून्य सावलीच्या आधी-नंतरचा दिवसही डोळ्यांना तितकाच चांगला असतो.

जुलैमधली दुसरी संधी, पुण्यासाठी २९-३० जुलै आणि मुंबईसाठी २७-२८ जुलै, गटाने मोहिमेत धरली नाही. त्या दिवसांत आकाश झाकलेलेच असते आणि ‘उद्या पाहा’ असा लेख छापून वाचकाला ढगांखाली उभे करणे योग्य नाही. जुलैसाठी वेळांचा तक्ता मात्र वेगळा करावा लागतो, कारण तेव्हा सूर्य घड्याळाच्या साडेसहा मिनिटे मागे असतो आणि पुण्याचा मध्यान्ह १२ वाजून ४१ मिनिटांवर जातो. तो तक्ता शाळांना जूनमध्ये पाठवून दिला. शाळा सुरू असल्याने ऊन पडलेच तर शिक्षक मुलांना घेऊन मैदानात जाऊ शकतात, आणि त्यांच्या हातात बरोबर वेळ असते.